तिकिटावरचा गाळ

दोंडाईच्याहून शहाद्याकडे निघालं की सारंगखेड्याच्या पुलावर तापी ओलांडावी लागते. मार्गशीर्षात दत्तजयंतीची यात्रा भरली की याच रस्त्याने घोडे येतात, एरवी ऊस, केळी आणि मिरचीची पोती. हा पूल ओलांडताना आपण एक राष्ट्रीय जलमार्ग ओलांडतो आहोत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातल्या १११ जलमार्गांची यादी आहे आणि तिच्यात तापीचा क्रमांक १००वा लागतो. लांबी ४३६ किलोमीटर. उन्हाळ्यात नदी पाहिलेल्या माणसाला हसू येईल, पण कायदा हसण्यावारी नेता येत नाही.

नदीला जलमार्ग म्हटलं की तिच्या पोटातल्या गाळाचा प्रश्न सगळ्यात आधी पुढ्यात येतो. बोट बुडते ती वादळात, पण अडते ती गाळात. मालाच्या बोटीला ठरावीक खोलीचं पाणी लागतं, ते बारमाही लागतं, आणि नदी तर दर पावसाळ्यात आपला तळ नव्याने मांडते. म्हणून जिथे बोटी चालवायच्या तिथे गाळ उपसणारं जहाज, म्हणजे ड्रेजर, आधी जातं, मागाहून जातं आणि पुन्हा पुन्हा जात राहतं. देशातले जलमार्ग सांभाळायला १९८६ साली भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण स्थापन झालं. अलाहाबाद ते हल्दिया हा गंगेवरचा १,६२० किलोमीटरचा पहिला राष्ट्रीय जलमार्ग त्याच वर्षीचा. तिथेही मोठी डोकेदुखी गाळाचीच आहे.

या प्रकरणात त्या जहाजाकडे एका आडवाटेने पाहायचं आहे, टपाल तिकिटांच्या वाटेने. तिकिटावर काय छापायचं हे सरकार ठरवतं, म्हणजे मिरवण्याजोगं काय वाटतं तेच तिथे येतं. राजे, पुढारी, विमानं, धरणं आणि आगबोटी तर येणारच. ड्रेजर मात्र क्वचित दिसतो. तो दिसायला कुरूप, कामाला चिखलाचा, आणि त्याने केलेलं सगळं काम पाण्याखाली. खोल झालेल्या नदीचं चित्र काढणार तरी कसं? वरून पाणी तसंच दिसतं.

तरीही काही देशांनी त्याला तिकिटावर बसवलं आहे. ती तिकिटं पाहण्याआधी यंत्राची ओळख करून घ्यायला हवी, नाहीतर चित्रात काय चाललंय ते उमगत नाही.

सगळ्यात जुनी यांत्रिक तऱ्हा बादल्यांच्या साखळीची. जहाजाच्या मधोमध एक फट ठेवलेली असते, तिच्यातून लोखंडी शिडी तिरपी तळाला सोडतात आणि शिडीवरून बादल्यांची न संपणारी माळ फिरत राहते. आपल्या विहिरीवरच्या राहाटगाडग्याने पाणी सोडून चिखल उपसायचं ठरवलं तर जे होईल, ते हे. दुसरी तऱ्हा एकाच भल्यामोठ्या हाताची: दांड्याच्या टोकाला दातेरी डबा, तो तळात खुपसायचा, भरून वर आणायचा, शेजारच्या पडावात रिकामा करायचा. आपला पोकलेन तरंगत्या तराफ्यावर चढवला तर साधारण हेच काम करील. तिसरी तऱ्हा पंपाची. नळाच्या तोंडाशी फिरणारं पातं तळ भुसभुशीत करतं आणि पाण्यासकट चिखल नळातून ओढला जातो, तो मैलभर लांबसुद्धा ढकलता येतो. चौथं जहाज चालता चालता तळ ओढून घेतं, स्वतःच्या पोटात गाळ साठवतं, खोल समुद्रात जाऊन पोटाची दारं उघडतं आणि हलकं होऊन परत येतं. आज मोठ्या बंदरांवर बहुतेक काम या शेवटच्या दोन जातींचं असतं. तिकिटावर मात्र पहिल्या दोन शोभून दिसतात, कारण त्यांचं काम पाण्याच्या वर दिसतं.

पनामाची गोष्ट सुरू होते निकाराग्वाच्या तिकिटाने. अटलांटिक आणि प्रशांत महासागर जोडायचा कालवा पनामातून काढायचा की निकाराग्वातून, यावर अमेरिकेत घोळ चालू होता. फिलिप ब्यूनो-वारिया नावाचा फ्रेंच इंजिनिअर पनामाच्या बाजूचा. १९०२च्या मे महिन्यात मार्तिनिक बेटावरचा पेले पर्वत फुटला आणि एक अख्खं शहर राखेखाली गेलं. निकाराग्वात ज्वालामुखींची काय अवस्था आहे, हा प्रश्न आपोआप पुढे आला. या गृहस्थाला आठवलं की निकाराग्वाने १९०० साली काढलेल्या तिकिटांवर मोमोतोम्बो ज्वालामुखीचं चित्र आहे, तेही धूर ओकतानाचं. त्याने वॉशिंग्टनमधल्या तिकीटविक्रेत्यांकडून नव्वद तिकिटं मिळवली आणि एकेका सिनेटरला एकेक पाठवून दिलं. जूनमध्ये सिनेटने पनामाच्या बाजूने कौल दिला. एका तिकिटाने कालवा हलवला, असं हा किस्सा सांगणारे म्हणतात. मला ते जरा जास्त वाटतं. पनामाची बाजू घेणारे इंजिनिअर होते, पैसा होता, वकील होते. पण आपल्या देशाची शोभा म्हणून छापलेलं चित्र शत्रूच्या हातात पुरावा ठरतं, हे निकाराग्वाच्या टपाल खात्याला कधीच सुचलं नसणार.

पनामात त्याआधी फ्रेंच हरले होते. सुवेझ काढणाऱ्या लेसेप्सची कंपनी पीतज्वर, मलेरिया, दरडी आणि कर्ज यांच्यापुढे १८८९ साली कोसळली. बादल्यांच्या माळेचे तिचे ड्रेजर झाडोऱ्यात गंजत पडले. अमेरिकनांनी नंतर त्यातले काही दुरुस्त करून पुन्हा पाण्यात उतरवले. १० ऑक्टोबर १९१३ला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये बटण दाबलं, गॅम्बोआचा बांध उडाला आणि कुलेब्राच्या खिंडीत पाणी शिरलं. पाण्यामागून ड्रेजर शिरले. डोंगर कापून काढलेल्या त्या खिंडीत दरडी थांबायला तयार नव्हत्या. कालवा १५ ऑगस्ट १९१४ला उघडला आणि पुढच्याच वर्षी मोठ्या दरडींनी कित्येक महिने बंद पडला. तेव्हा कामाला आला ‘कास्काडास’ नावाचा ड्रेजर. एका घासाला पंधरा घनयार्ड, म्हणजे साडेअकरा घनमीटरच्या आसपास, माल उचलणारा एकहाती दैत्य.

१९७६ साली पनामा कालवा पट्ट्याच्या टपाल खात्याने तेरा सेंटांचं तिकीट काढलं, त्यावर हा कास्काडास आहे. तिकिटावर जहाजाचं नाव, किंमत, वर प्रचंड दांडा. याआधी १९३९ साली कालव्याच्या पंचवीस वर्षांनिमित्त सोळा तिकिटांची मालिका निघाली होती. तिची कल्पना छान होती: एकाच जागेची दोन तिकिटं, एकावर खोदकामाआधीचं दृश्य, दुसऱ्यावर नंतरचं. दोन्हींच्या मधली गाळ उपसण्याची वर्षं तिथे वाचणाऱ्याने मनात भरायची. १९७६मध्ये ती मधली वर्षं एका यंत्राच्या रूपात समोर आली. का आली याचा अंदाज करता येतो. कालवा पट्टा अमेरिकेच्या ताब्यात फार दिवस राहणार नाही हे तोवर दिसू लागलं होतं, आणि तिथल्या लोकांना आपण काय केलं हे सांगून ठेवायचं होतं. तीन वर्षांत तो पट्टाच विसर्जित झाला, टपाल खात्यासकट.

मलायाचं तिकीट याहून मजेशीर. मे १९५७मध्ये, स्वातंत्र्याला चार महिने उरले असताना, मलाया संघराज्याने चार तिकिटं काढली. त्यातलं पंचवीस सेंटांचं तिकीट कथिलाच्या ड्रेजरचं. हे जहाज ना नदीत चालायचं, ना समुद्रात. कथिलाची माती असलेल्या सपाट रानात आधी एक तळं खणायचं, त्या तळ्यात जहाज बांधायचं आणि मग पुढून माती खात, आतल्या आत धुऊन कथिल वेगळं काढत, उरलेली वाळू मागे टाकत जायचं. पुढचा काठ खणला जातो, मागचा बुजतो. म्हणजे जहाज पुढे सरकतं तसं तळंही त्याच्याबरोबर सरकतं. पेराक राज्यातल्या किंटा खोऱ्यात १९३८ साली बांधलेला असा एक ड्रेजर, तांजुंग तुआलांग पाच नंबर, अजून जपून ठेवला आहे. वजन साडेचार हजार टन. एवढं धूड भातखाचरांच्या शेजारी तरंगत होतं, हे तिकीट पाहिल्याशिवाय पटत नाही.

न्यू गिनीत तर ड्रेजर विमानाने गेले. बुलोलोच्या खोऱ्यात सोनं होतं, पण तिथवर रस्ता नव्हता, मध्ये डोंगर आणि जंगल. मग ड्रेजरचे सुटे भाग युंकर्स विमानांतून नेले, तिथे जोडले, आणि १९३२पासून नदीकाठच्या मातीतून सोनं निघू लागलं. १९३५च्या हवाई टपालाच्या दोन भारी किमतीच्या तिकिटांवर बुलोलोचं खोरं आहे. मान मिळाला आहे तो वर उडणाऱ्या विमानाला.

आता आपल्याकडे यावं. भारताची तिकिटं नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात, म्हणजे खानदेशाच्या अगदी शेजारी. १९२०च्या दशकात हे छापखान्याचं काम तिथे सुरू झालं, तोवर आपली तिकिटं लंडनहून यायची. २६ जानेवारी १९५५ला पहिल्या पंचवार्षिक योजनेची मालिका निघाली. तिच्यात ट्रॅक्टर आहे, यंत्रमाग आहे, नऊ पैंच्या तिकिटावर बैलांची विहीर आहे, एक आण्यावर दामोदर खोऱ्यातलं धरण, आठ आण्यांवर चित्तरंजनचा इंजिन कारखाना. दहा आण्यांच्या तिकिटावर मुंबईचा मरीन ड्राइव्ह. कारखाने आणि धरणांच्या रांगेत ही समुद्रकाठची वळणदार रोषणाईवाली सडक का बरं? पर्यटकांना दाखवायला, असं उत्तर सहज सुचतं. पण या सडकेच्या पोटात एका ड्रेजरची आणि एका गाजलेल्या फजितीची कहाणी आहे, आणि ती मला त्या मालिकेतल्या बाकी सगळ्या चित्रांपेक्षा मोलाची वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची टंचाई होती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२०मध्ये विकास खातं उघडलं आणि कुलाब्यापासून मरीन लाइन्सपर्यंतचा बॅक बे भरून सुमारे १,१४५ एकर जमीन काढायची योजना हाती घेतली. समुद्रात दगडी भिंत घालायची, बंदराच्या बाजूचा चिखल पंपाच्या ड्रेजरने ओढायचा, आणि तो नळातून कुलाब्याच्या पट्टीपलीकडे आणून भिंतीमागे ओतायचा, असा बेत. ड्रेजरचं नावही गव्हर्नरांचंच ठेवलं, ‘सर जॉर्ज लॉइड’. जिवंत माणसाचं नाव चिखलाच्या यंत्राला देणं हे धाडसच.

हिशेब चुकला. ड्रेजरने जितका गाळ दर तासाला द्यायचा ठरला होता त्याच्या कितीतरी कमी तो देऊ लागला. आणि जो चिखल भिंतीमागे पडायचा तो दगडांच्या फटींतून परत समुद्रात निसटायचा. खर्च फुगला, मुदत लांबली, आणि लोकांनी या योजनेला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हणायला सुरुवात केली. खुर्शीद नरिमन या वकिलाने कायदेमंडळात आणि वर्तमानपत्रांत खात्याचे कारभार उघडे पाडले. विकास खात्यातला इंजिनिअर हार्वी याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. १९२६मध्ये चौकशी समिती बसली, १९२८मध्ये नरिमन निर्दोष सुटले. आठ भागांपैकी चारच भाग पुरे करायचे आणि मधले चार सोडून द्यायचे, असा शेवट झाला. त्या योजनेतून उत्तरेकडे जी जमीन हाती आली तिच्या कडेने १९३०च्या दशकात मरीन ड्राइव्ह बांधला गेला. सोडून दिलेल्या भागांत स्वातंत्र्यानंतर भराव पडला, आणि त्यातल्या उंच इमारतींच्या टोकाला नाव मिळालं नरिमन पॉइंट. योजनेचं पितळ उघडं पाडणाऱ्याचं नाव त्याच योजनेच्या अर्धवट राहिलेल्या जमिनीला. लॉइडचं नाव तिथे कुठे ऐकू येत नाही.

दहा आण्यांच्या तिकिटावर यातलं काहीच नाही. समुद्र, वळण, इमारती. १ एप्रिल १९५७पासून नया पैसा आला, नकाशाची मालिका निघाली आणि आण्यांची तिकिटं मागे पडली. म्हणजे मरीन ड्राइव्हला पाकिटावर मिरवायला जेमतेम दोन-सव्वादोन वर्षं मिळाली.

५ एप्रिल १९६५चं राष्ट्रीय सागरी दिनाचं पंधरा पैशांचं तिकीटही याच जातीचं. त्यावर ‘जलउषा’ आहे, विशाखापट्टणमला बांधलेलं आणि १४ मार्च १९४८ला नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलेलं जहाज. पण विशाखापट्टणमचं आतलं बंदर हीच मुळी ड्रेजरची करणी. दलदल खणून ते केलं आणि १९३३मध्ये ते उघडलं. निघालेला गाळ आजूबाजूच्या खाजणांत पसरला. जलउषा ज्या पाण्यात तरंगली ते पाणी कोणीतरी खोल करून ठेवलेलं होतं. १९७६मध्ये स्थापन झालेल्या ड्रेजिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचं मुख्य कार्यालयही त्याच शहरात आलं.

आपल्या कोकणात तर यंत्राशिवायचा ड्रेजर आजही आहे. ठाणे-वसईच्या खाड्यांत होडी नांगरायची, माणसाने बुडी मारायची, तळातली रेती बादलीत भरायची, दोरीने वर घ्यायची. त्याला डुबी म्हणतात. उथळ पाण्यात बांबूच्या दांड्याला बांधलेल्या पाटीने रेती ओढतात ती हातपाटी. सक्शन पंप आल्यावर यातल्या अनेकांची रोजी गेली आणि खाडीचे काठही ढासळले. ठाण्याच्या खाडीतून कल्याणपर्यंतचा पट्टाही आता राष्ट्रीय जलमार्ग आहे, क्रमांक ५३. तिथल्या डुबीवाल्यावर तिकीट निघालं तर मी पहिल्या दिवसाच्या पाकिटासाठी रांगेत उभा राहीन.

या विषयाचा संग्रह करायचा तर फार पैसा लागत नाही. कास्काडास आणि मलायाचं कथिल ही दोन्ही सामान्य तिकिटं आहेत, परदेशी तिकिटं ठेवणाऱ्या व्यापाऱ्याकडे मिळतात. मोमोतोम्बो जुनं असलं तरी दुर्मीळ नाही. फक्त कथेमुळे भाव चढवून सांगतात, तेव्हा घासाघीस करावी. बुलोलोची दोन भारी तिकिटं सामान्य खिशाची नव्हेत. आणि एक मिसरी पान जरूर ठेवावं. २०१४मध्ये इजिप्तने सुवेझच्या नव्या वाहिनीचं काम मोठ्या गाजावाजाने काढलं, देशोदेशींचे ड्रेजर तिथे जमले. टपाल खात्याने लगोलग तिकिटं काढली आणि त्यांवरच्या चित्रात कालवा निघाला पनामाचा. जाणकारांनी ओळखायला वेळ लावला नाही आणि जगभर नाचक्की झाली. ज्या कालव्यात शेकडो घनमीटर वाळू मिनिटागणिक उपसली जात होती, त्याचा एक फोटो जागेवर जाऊन काढायचं कोणाला सुचलं नाही.

आता तापीचं पान. तापीचा गाळ ही आजची गोष्ट नाही. मुघल काळात सुरत हे पश्चिम किनाऱ्याचं मोठं बंदर, आणि बुऱ्हाणपूर-नंदुरबारच्या रस्त्याने खानदेशचा माल तिथे उतरायचा. पण मोठी गलबतं सुरतेपर्यंत चढत नसत. ती बाहेर सुवाळीच्या खोल पाण्यात नांगर टाकत आणि माल लहान होड्यांतून, गाड्यांतून आत यायचा. नदीचं मुख गाळाने उथळ होत गेलं, आणि सुरतेचा व्यापार मुंबईकडे सरकण्याच्या अनेक कारणांत हेही एक होतं. तो गाळ कुठला? तापीचं पाणलोट क्षेत्र ६५,१४५ चौरस किलोमीटर आहे, त्यातलं ५१,५०४ एकट्या महाराष्ट्रात. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई, आणि दोंडाईच्याची अमरावती नदी, साऱ्या आपापली काळी माती घेऊन तापीत उतरतात. सुरतेच्या बंदरात रुतलेला चिखल पुष्कळसा आपल्याच शेतांतला होता.

आता तो तिथवर पोचत नाही, वाटेत बसतो. हतनूरच्या एक्केचाळीस दरवाजांमागे पूर्णेचा गाळ साचतो. पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा ही बॅरेजेस, मग गुजरातेत उकाई आणि काकरापार. जलमार्ग क्रमांक १०० या सगळ्यांतून जायचा आहे, पण यातल्या भिंती बोटी चढ-उतरवण्याच्या हिशेबाने बांधलेल्या नाहीत. पनामात बोट पायऱ्यापायऱ्यांनी वर चढते, कारण तिथे जलपाशाची, म्हणजे ‘लॉक’ची, दारं आहेत. सारंगखेड्याच्या दरवाजातून पाणी जातं, बोट जाणार नाही. तेव्हा नुसता ड्रेजर आणून भागायचं नाही. जलमार्ग खरा करायचा तर प्रत्येक भिंतीला दुसरं दार पाडावं लागेल, आणि त्या खर्चात केळी आणि कापूस बोटीने न्यावा एवढी मालाची गरज आधी दाखवावी लागेल. शंभर वर्षांहून जुनी सुरत-भुसावळ रेल्वे दोंडाईच्याच्या स्टेशनावरून ते काम करतेच आहे.

खानदेशात गाळ निघतो तो पाणी आटल्यावर, आणि पोकलेनने. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या देखरेखीखाली नाले खोल आणि रुंद करून ओळीने बंधारे घातले गेले, तोच पुढे शिरपूर पॅटर्न म्हणून राज्यभर गाजला. २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ शेतकऱ्यांनी उचलून शेतात न्यावा असं ठरलं. जहाजवाल्याच्या लेखी जो कचरा, त्याला इथे माणसं ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभी राहतात. अर्थात सगळाच गाळ शेताला चालत नाही. वाळू जास्त असली तर ती जमीन बिघडवते, म्हणून आधी माती तपासून घ्यावी लागते. आणि शेत तलावापासून लांब असलं की गाळ फुकट असूनही ट्रॉलीच्या डिझेलपायी तो महाग पडतो.